पितळातलं शिसं

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. टाळली म्हणजे सांगितलीच नाही असं नाही. निवृत्तीनंतर निरनिराळ्या प्रयोगशाळांत नव्याने लागलेल्या मुलामुलींचे वर्ग घ्यायला मला बोलवत, तिथे मी ती दरवर्षी सांगितली. फळ्यावर खडूने एक आडवी रेघ ओढायचो आणि म्हणायचो, "यंत्राने दहा वेळा तेच उत्तर दिलं म्हणजे ते खरं बोलतंय असं समजू नका. एका प्रयोगशाळेत नमुना घासणाऱ्या कामगाराने ठरलेली पद्धत पाळली नाही. पितळातलं शिसं एक टक्का जास्त आलं. यंत्राने मात्र ते चुकीचं उत्तर दहाही वेळा अगदी सारखं दिलं." मुलं मान डोलवायची, वहीत उतरवून घ्यायची.

त्या उदाहरणातलं यंत्राबद्दलचं सगळं खरं आहे. कामगाराबद्दलचं वाक्य खोटं आहे. प्रयोगशाळा आमची होती, यंत्र माझ्या ताब्यात होतं आणि पद्धत मोडायला मीच सांगितलं होतं. त्या कामगाराची नोकरी गेली आणि नावही गेलं. आता मला ऐंशीवं लागलं आहे. वर्गात बसलेल्या एवढ्या मुलांना जे खोटं सांगितलं ते निदान कागदावर तरी दुरुस्त करावं, म्हणून लिहायला बसलो.

दुष्काळाची वर्षं होती. गावाला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. पैठणच्या धरणातला साठा रोज पेपरात यायचा आणि आम्ही तो क्रिकेटच्या धावफलकासारखा वाचायचो. गल्लीत टँकर आला की प्रोफेसर काय, हमाल काय, सगळे बादल्या घेऊन एकाच रांगेत. आणि त्याच वर्षांत शहर चहूबाजूंनी पसरत होतं. बीड बायपासला, सातारा परिसरात, जालना रोडच्या पलीकडे इमारतींवर इमारती उठत होत्या. प्रत्येक फ्लॅटला सात-आठ नळ. आमच्या प्रयोगशाळेत तपासायला येणारा निम्मा माल त्या नळांच्या पितळेचा होता. ज्या नळांना आठवड्यातून एकदा पाणी यायचं, त्यांच्यात शिसं किती हे आम्ही दोन दशांशांपर्यंत सांगत होतो.

मी मूळचा काचेच्या भांड्यांतला माणूस. पितळेतलं शिसं शोधायचं तर तुकडा आम्लात विरघळवायचा, शिसं खाली बसवायचं, गाळायचं, वाळवायचं, वजन करायचं. दोन दिवस जायचे. मग मालकांनी क्ष-किरणांचं यंत्र आणलं आणि तेच काम चार मिनिटांत होऊ लागलं. यंत्रात तुकडा ठेवून झाकण लावायचं. आत त्याच्यावर क्ष-किरण पडतात आणि तांबं, जस्त, शिसं आपापल्या ठरलेल्या किरणांनी उत्तर देतात. यंत्र ती उत्तरं मोजतं. पण ती मोजणी म्हणजे टक्के नव्हेत. टक्के काढायचे तर ज्याच्यातलं शिसं आधीच पक्कं ठाऊक आहे असा एक तुकडा लागतो, त्याच्याशी ताडून बघावं लागतं. आमच्याकडे तशी परदेशातून आलेली रुपयापेक्षा थोडी मोठी चकती होती. मखमलीच्या डबीत ठेवलेली. रोज सकाळी मी ती यंत्रात घालायचो, छापील आकड्याशी आकडा जुळायचा, आणि दिवस सुरू व्हायचा.

यंत्राची एक खोड होती. ते तुकड्याची फक्त कातडी बघतं. केसाच्या जाडीहूनही कमी खोलीपर्यंत. म्हणून तुकड्याचं तोंड कसं तयार केलं यावर सगळं अवलंबून. लेखी पद्धत अशी होती की तुकडा लेथवर गरगर फिरवायचा आणि तोंड धारदार हत्याराने हलकं तासून घ्यायचं.

हे तोंड तयार करायचं काम मामांकडे होतं. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, मीही. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. शेंद्र्याजवळच्या एका गावातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. जिथे त्यांची मेंढरं चरायची तिथे कारखान्यांची कुंपणं पडली, आणि उरलेला कळप दुष्काळात विकावा लागला. आमच्याकडे ते झाडायला लागले. महिनाभरात लेथवाल्याच्या शेजारी उभं राहून त्याचं काम शिकले. नजर अशी की तुकड्याचा रंग बघून कुठल्या भट्टीचा ते सांगायचे. संगणकावर बसणारी आमची एक मुलगी होती, ती त्यांना सारखी छेडायची.

"मामा, यंत्राला चारा घातला का आज?"

"घातला ना. तुझ्यावानी डबा उघडून बसत नाय ते. खातं तेवढं काम देतं."

मामांना लिहिता येत नव्हतं, अंगठा उठवायचे. प्रत्येक नमुन्याबरोबर एक फॉर्म असायचा, त्यावर तयार करणाऱ्याची सही लागायची. प्रयोगशाळेला मान्यता देणाऱ्या तपासणीवाल्यांनी अंगठ्यावर हरकत घेतली तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना सही शिकवली. जुन्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या बाजूवर पंधरा दिवस. जीभ दातांत धरून ते आपलं नाव काढायचे. पहिल्यांदा सलग सही जमली त्या दिवशी सगळ्या प्रयोगशाळेला चहा त्यांनी पाजला. म्हणाले, "आमच्या घरात पैलीच सही हाय ही, साहेब. आजा, बाप, सगळे अंगठेच."

पुढच्या वर्षी लेथवाला शेंद्र्याच्या एका नव्या कारखान्यात गेला आणि तासायला एकटे मामा उरले. नमुने तर दुप्पट झाले होते. मालक माझ्याहून तरुण, बोलायला गोड. मला सर म्हणायचे.

"सर, लेथवर एका तुकड्याला किती वेळ जातो?"

"पंधरा-वीस मिनिटं. तोंड नीट यायला तेवढी लागतात."

"आणि पॉलिशच्या फिरत्या पट्ट्यावर?"

"दोन मिनिटं. पण पितळेसाठी पट्टा..."

"छोडो ना सर, चमकतं ना तोंड? पट्ट्यावर घ्या."

"मग लेखी पद्धत बदलावी लागेल. आधी तपासून बघावं लागेल."

"कागद तसाच राहू द्या. कागद बदलला की तपासणीवाले शंभर प्रश्न विचारतात. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

तो भरवसा मला आवडला, हे लिहायला लाज वाटते. मी मामांना सांगितलं की आजपासून लेथ बंद, सगळं पट्ट्यावर. मामांनी विचारलं, "लेथवाला माणूस येईस्तोवर का?" मी म्हटलं, "नाही, कायमचं." फॉर्मवर मात्र इंग्रजीत तेच छापलेलं होतं, 'नमुन्याचं तोंड लेथवर तासून तयार केलं.' त्याखाली मामांची सही.

एकदा त्यांनी विचारलंही होतं, "साहेब, ह्या वळीत काय लिव्हलंय?"

"नमुना तुम्ही तयार केला, एवढंच. नुसता रिवाज आहे, मामा. करा सही."

त्यांनी केली. त्या दिवसापासून पुढचं दीड वर्ष केली.

त्या काळातलीच आणखी एक गोष्ट. एका सकाळी मी डबीतून चकती काढत होतो. मामा पट्ट्यापाशी उभे होते. हात पुसत जवळ आले.

"साहेब, ही चकती कोनी तासली?"

"परदेशात तासून येते. लेथवर."

"मंग हिला पट्ट्यावर घासून का नाय घेत?"

"महाग आहे हो. तिला हातसुद्धा लावायचा नाही."

ते घुटमळले. मग म्हणाले, "नाय, मला काय समजतं म्हना. पन बाजारात दोन मेंढरं शेजारी धरायची तर दोन्ही कातरलेली पायजेत नायतर दोन्ही लोकरीची. एक कातरलेलं आन् एक लोकरीचं धरून कोन मोठं ते सांगनारा लबाड असतो."

संगणकावरची मुलगी हसली. "मामा, सरांना लबाड म्हणताय!"

"अगं नाय गं बाई," मामा गडबडून म्हणाले. मीही हसलो. चकती यंत्रात ठेवली, आकडा जुळला.

पुढे वर्गांमधून मी नमुन्याच्या तयारीवर तास तास बोललो. त्यात मामांच्या त्या दोन वाक्यांपेक्षा जास्त काही नव्हतं. ताडायचा तुकडा आणि तपासायचा तुकडा एकाच रीतीने तयार केलेला असला पाहिजे. आमची चकती लेथवरची, नमुने पट्ट्यावरचे. यंत्र रोज सकाळी चकतीबद्दल खरं बोलायचं आणि दिवसभर नमुन्यांबद्दल खोटं. कारण शिसं पितळेत विरघळत नाही, बारीक बारीक दाण्यांनी राहतं. ते मऊ असतं. पट्ट्यावर घासलं की तापून लोण्यासारखं फासलं जातं आणि सगळ्या तोंडावर त्याचा पातळ लेप बसतो. कातडीच बघणाऱ्या यंत्राला आत आहे त्याहून जास्त शिसं दिसतं. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मालकांना 'पण' म्हणालो तेव्हा तेच माझ्या मनात होतं. 'पण'च्या पुढे मी गेलो नाही.

मग एक छोटा भट्टीवाला आमच्याकडे आला. चिकलठाण्याकडे त्याची ओतकामाची शेड होती. एका मोठ्या गृहप्रकल्पासाठी त्याने नळ केले होते. करारात शिसं अडीच टक्क्यांच्या आत हवं होतं. आमच्या रिपोर्टात सव्वातीन आलं आणि घेणाऱ्याने सगळा माल परत पाठवला. त्याने त्याच ओतातला तुकडा दुसऱ्या शहरात, काचेच्या भांड्यांच्या जुन्या पद्धतीने तपासून आणला होता. तिथे सव्वादोन.

कापडी पिशवीतून नळ काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "सर, भट्टीत शिसं मी माझ्या हाताने टाकतो. किती टाकलं ते मला ठाऊक नसंल का? तुमच्या कागदामुळं मी चोर ठरलो."

त्याला पाणी दिलं, दोन दिवसांत सांगतो म्हटलं आणि तो नळ घेऊन शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या लेथवर तोंड तासून घेतलं, यंत्रात घातलं. सव्वादोन. मग तेच तोंड स्वतः पट्ट्यावर धरलं, पुन्हा घातलं. सव्वातीन. परत तासून आणलं. सव्वादोन. मामा दोन दिवस गावी गेले होते. खोलीत मी एकटा होतो. चूक कुणाची ते त्या दुपारी मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकं नंतर कधी दिसू दिलं नाही. त्याआधीच्या दीड वर्षात किती जणांच्या तुकड्यांवर तो लेप होता, तेही मी मोजलं नाही.

मालकांना सगळं सांगितलं. मग त्यांनी फॉर्मची फाइल मागवली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, इथे तर लेथ लिहिलंय."

"पण आपणच पट्टा सांगितला."

"कुठे लिहिलंय?"

मी फाइलची पानं उलटली, प्रत्येक पानावर तेच छापलेलं.

"हे बघा," ते म्हणाले, "तुमचं नाव आलं तर प्रयोगशाळेची मान्यता जाते. वीस जणांची घरं आहेत. कामगाराची चूक म्हटली की ताकीद देऊन विषय संपतो. मामांना काही होणार नाही. त्यांना गेटवर घेऊ, पगार तोच. माझा शब्द."

मी अहवाल लिहिला. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं. 'नमुना तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याने विहित पद्धत न पाळता तोंड पट्ट्यावर घासले. तसे करण्याची सूचना त्यास देण्यात आली नव्हती.' दुसरं वाक्य मालकांनी घालायला लावलं. पण लिहिलं मी, खाली सही माझी.

त्यानंतर एका लग्नासाठी मी चार दिवस पैठणला गेलो. परत आलो तर पट्ट्यापाशी वेगळाच माणूस. संगणकावरच्या मुलीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मामांना काढलं, सर. मालकांनी सगळे फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले, ओळ वाचून दाखवली. विचारलं, ही सही कुणाची? मामा म्हणाले, माझीच हाय. मग म्हणाले, सही माझी, तर गफलतबी माझीच."

"आणखी काही म्हणाले?"

"तुम्ही कधी येणार ते विचारत होते."

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. "तुम्ही शब्द दिला होता."

"सर, तो भट्टीवाला वकील घेऊन आला. त्याला काहीतरी दाखवावं लागलं." आणि मग हसून, "अहवाल तर तुमचाच आहे ना?"

मला फसवलं होतं. त्यात शंका नाही. किती वर्षं मी ते फसवलं जाणं उराशी धरून बसलो, सांगता येत नाही. बायकोला सांगायचो, मित्रांना सांगायचो, मालक बेइमान निघाला, मामांना गेटवर घेतो म्हणाला आणि काढलं. बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, गेटवर तरी का जावं त्यांनी? चूक काय होती त्यांची?" मी ताटावरून उठलो. मालकाने मला दगा दिला तो चार दिवसांचा होता. मी मामांना दिला तो 'करा सही' म्हटलं त्या दिवसापासूनचा होता. आणि मला माझ्या फसवणुकीबद्दल बोलायला माणसं होती.

मामांना शेंद्र्याच्या कारखान्यांत काम मिळालं नाही एवढं कानावर यायचं. ज्या दोन ठिकाणी ते गेले तिथल्या लोकांना आमच्याकडची हकीकत ठाऊक होती. नमुने बिघडवणारा म्हणून. पुढे ते इमारतींच्या कामावर वाळू चाळायला जात होते.

मी गेलो नाही. आज जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, निवृत्तीनंतर जाऊ. निवृत्त होऊनही सहा वर्षं गेली, तेव्हा एके दिवशी बसने शेंद्र्याजवळ त्यांच्या गावी उतरलो. गाव ओळखू येत नव्हतं. कंपन्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय पोरांना भाड्याने द्यायला ओळीने खोल्या बांधल्या होत्या. त्या ओळीच्या मागे पत्र्याच्या शेडपुढे मामा बाजेवर बसले होते. शेजारी तीन-चार म्हातारी माणसं. बसमध्ये मी वाक्य पाठ केलं होतं. शाळेतल्या पोरासारखं, पुन्हा पुन्हा.

त्यांनी मला लांबूनच ओळखलं. उठले. डोळ्यांत मोतीबिंदू दिसत होता, तरी ओळखलं.

"साहेब! आरं, आमचे साहेब आले! बसा, बसा इथं." सुनेला हाक मारून चहा सांगितला. मग शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हे ते साहेब. मला सही शिकवनारे. लई मोठा मानूस."

मी काहीतरी पुटपुटलो, तब्येत विचारली. ते माझा हात धरून बसले होते. चहा आला. मी पहिला घोट घेतला तेवढ्यात तेच म्हणाले, "साहेब, एक बोलायचं राहिलं व्हतं. किती वरसं झाली, तुमच्याकडं याया तोंड नव्हतं."

"काय हो, मामा?"

"माझ्या हातनं त्या वक्ती गफलत झाली. तुमी मला लेथचं सांगितलं असंल, माझ्याच टकुऱ्यात ऱ्हायलं नसंल. तेवढा भरवसा तुमी टाकला, आन् माझ्यापायी तुमाला खाली बघायला लागलं. माफी करा मला."

शेजारची माणसं ऐकत होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "मामा तर दर खेपंला हेच सांगतेत, साहेब. मनाला लावून घेतलंय त्यांनी."

तुम्हाला वाटेल, इथे तरी मी बोललो असेन. चार माणसं बसली होती, त्यांच्या देखतच बोलायला हवं होतं, कारण नाव त्यांच्यातच गेलं होतं. दीड वर्ष त्या माणसाला मी पट्ट्यावर उभं केलं, आणि त्याने स्वतःची आठवण खोटी ठरवली, माझा शब्द खरा राहावा म्हणून. मी कप खाली ठेवला. त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या, मामा. जुनं झालं. माणसाकडून होतं असं."

मी त्यांना माफ केलं. त्यांचा चेहरा हलका झाला. ते म्हणाले, "व्हय, तुमी मोठ्या मनाचे." मला बसपर्यंत सोडायला आले, रस्ता ओलांडताना त्यांनीच माझा दंड धरला होता.

त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी ते गेले. मला महिन्याने कळलं. वर्ग तेव्हाही चालूच होते. तेच उदाहरण, तेच वाक्य.

बसमध्ये पाठ केलेलं ते वाक्य अजून जसंच्या तसं आहे. मामा, तुमच्या हातून काही गफलत झाली नव्हती. पट्टा मीच सांगितला होता, आणि सांगितला नाही असं लिहिलंही मीच. मला माफ करा.